टाचेचं मलम आणि राऊतबाई

राऊतबाई गेल्याची बातमी मला दोनदा कळली. आधी सकाळी साडेसहाला त्यांच्या पुतण्याचा, प्रशांतचा फोन आला. तो एवढंच म्हणाला, "दिलीपकाका, आत्या गेली. पहाटे." दुसऱ्यांदा ती कळली अकराच्या सुमारास, मोबाइलवर. मी ज्या कंपनीतून निवृत्त झालो तिथल्या आजी-माजी लोकांचा एक ग्रुप आहे. त्यावर आमच्या संचालकांनी, ज्यांना आम्ही सगळे नुसतं 'साहेब' म्हणायचो, एक मेणबत्ती, दोन गुलाब आणि खाली मजकूर टाकला होता : 'थोर प्राणीप्रेमी आणि आमच्या संस्थेच्या नैतिक मार्गदर्शक हेमलता राऊत मॅडम यांना भावपूर्ण आदरांजली.' त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. त्यातले निम्मे हात अशा लोकांचे होते, ज्यांनी कंपनीतल्या त्यांच्या शेवटच्या दिवसांत बाई जिन्यात दिसल्या की मोबाइल कानाला लावला होता. बाईंना कंपनीच्या समितीवरून दूर केल्याचं पत्र याच साहेबांच्या सहीनं गेलं होतं आणि ते टाइप मी केलं होतं. म्हणून मी त्या रांगेत माझे हात जोडले नाहीत. माझा प्रामाणिकपणा म्हणाल तर तेवढाच, आणि तोही उशिरा सुचलेला.

आता सव्वा महिना होऊन गेला. हे लिहायला बसलो तो त्या 'थोर प्राणीप्रेमी'मुळे. बाई प्राणीप्रेमी नव्हत्या. गिरीजच्या त्यांच्या वाडीत मांजर शिरलं की त्या ओलं फडकं भिरकावायच्या. शेजारच्या कुत्र्याला त्यांनी कधी पोळी घातली नाही. रविवारी सकाळी पिशवी घेऊन स्वतः पाचूबंदरला जायच्या, पापलेटचा कल्ला अंगठ्यानं उचलून बघायच्या आणि ताजं नसेल तर कोळणीला तोंडावर सांगायच्या. दुपारी ते मासे चवीनं खायच्या. जनावरांविषयी गहिवरून बोलणाऱ्यांचा त्यांना कंटाळा होता, आणि जनावरांच्या अंगावर काय चालतं याविषयी गोड शब्दांत बोलणाऱ्यांची शिसारी होती. या दोन जातींच्या लोकांनी त्यांना आयुष्यभर छळलं. मरणानंतरही दुसऱ्या जातीनं त्यांना पहिल्या जातीत ढकलून दिलं, म्हणजे प्रश्न मिटला. प्रेमळ बाई होती, हळवी होती, बिचारी गेली. तिनं विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची गरज उरली नाही.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते अकरावीच्या वर्गात. आमचं कुटुंब कोकणातून वसईला येऊन फार वर्षं झाली नव्हती आणि मी मागच्या बाकावर बसणारा मुलगा होतो. बाई जीवशास्त्र शिकवायच्या. वाडीतल्या घरातली, केळीबागांतली त्यांची बोली वेगळी होती, पण वर्गात अगदी छापील मराठी, आणि राग आला की आणखी छापील. तेव्हा प्रात्यक्षिकाला बेडूक असायचा. मेणाच्या ट्रेमध्ये उताणा, चारी पायांना टाचण्या. एकदा क्लोरोफॉर्म कमी पडला असावा. पोट उघडल्यावर माझ्या शेजारच्या टेबलावरचा बेडूक हलायला लागला. आधी एक पाय, मग चारही. आम्ही मुलं हसलो. मी पण हसलो, हे लिहून टाकतो, कारण पुढे माझ्याबद्दल याहून वाईट लिहायचं आहे. बाई आल्या, त्यांनी एक सुई घेतली, डोक्याच्या मागे नेमकी जागा बोटानं चाचपली आणि अर्ध्या मिनिटात ते संपवलं. हात धुतले. तास पूर्ण केला. दुसऱ्या दिवशी त्या प्राचार्यांकडे गेल्या आणि म्हणाल्या की आजपासून बेडूक मी कापणार नाही, बेडकाचं हृदय कसं असतं ते मी मुलांना फळ्यावर याहून चांगलं शिकवू शकते.

प्राचार्य हे विद्वान गृहस्थ होते, म्हणजे निदान त्यांच्या दारावरच्या पाटीवर तरी तसं लिहिलं होतं. त्यांनी अभ्यासक्रम दाखवला, गुणांची विभागणी दाखवली, आणि बायकांचं मन हळवं असतं हेही ऐकवलं. बेडूक दुसऱ्या मास्तरांकडे गेले, बाईंना मुलांनी 'बेडूकबाई' नाव ठेवलं आणि स्टाफरूममध्ये ते मोठ्यांनीही वापरलं. पुढे काही वर्षांनी वरूनच आदेश आला आणि बेडूक कापणं बंद झालं, तेव्हा त्याच प्राचार्यांनी निरोपसमारंभात बाईंच्या दूरदृष्टीवर वीस मिनिटं भाषण केलं. बाई शाल घेऊन खाली बसल्या आणि शेजारच्या बाईंना म्हणाल्या, "यांना दूरदृष्टी आवडते. जवळचं दिसत नाही म्हणून." हे मला त्या शेजारच्या बाईंनीच सांगितलं.

मी पुढे सायन्सची पदवी घेतली आणि सातिवलीच्या औद्योगिक पट्ट्यात नोकरीला लागलो. रस्त्यावरून बघितलं तर ती इमारत एखाद्या गोडाऊनसारखी दिसायची : दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे आणि पत्र्याचे कारखाने, मध्ये आमचं राखाडी शटर. आत वातानुकूलित खोल्या होत्या, खिडकी एकाही खोलीला नव्हती. औषधं, कीटकनाशकं, मलमं बनवणाऱ्या कंपन्या आम्हाला त्यांचा माल द्यायच्या आणि आम्ही तो उंदरांवर, सशांवर वापरून बघून अहवाल द्यायचो. माझं काम अहवालांचं. म्हणजे शब्दांचं. सशाला ससा लिहायचं नाही, 'चाचणी प्रणाली' लिहायचं. मारलं असं लिहायचं नाही, 'अभ्यासाअंती मानवतापूर्ण समाप्ती' लिहायचं. डोळा गेला असं तर कधीच नाही, 'श्रेणी तीनची अपारदर्शकता'. वीस-बावीस वर्षं मी हे शब्द इतक्या सफाईनं बसवले की साहेब बाहेरच्या पाहुण्यांना माझी ओळख 'आमचे भाषाप्रभू' अशी करून द्यायचे. मला त्याचा अभिमान वाटायचा. आज आठवलं की तोंडात कडू येतं.

अशा प्रत्येक प्रयोगशाळेत कायद्यानं एक समिती असावी लागते. कुठला प्रयोग गरजेचा, किती जनावरं वापरायची, त्यांना कमीत कमी त्रास कसा होईल, हे तिनं ठरवायचं. तिच्यात एक सदस्य शास्त्रज्ञ नसलेला, समाजाचं भान असलेला असा हवा. आमच्याकडची ती जागा रिकामी झाली तेव्हा साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "कोई लोकल रिटायर्ड टीचर बघ ना. चांगल्या घरातली, सज्जन. सही करेल, चहा पिईल, घरी जाईल. जास्त हुशार नको." मी राऊतबाईंचं नाव दिलं. का दिलं याचा मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. बाईंना मान मिळेल असं मी स्वतःला सांगितलं होतं. खरं कारण हे की मी मोठा माणूस झालो आहे, गाडी पाठवून बाईंना बोलावू शकतो, हे मला त्यांना दाखवायचं होतं. बाईंनी नियमांचं पुस्तक मागून घेतलं, चार दिवसांनी परत केलं आणि येते म्हणाल्या.

पहिल्याच बैठकीत अकरा प्रस्ताव होते. आमच्याकडे एवढे प्रस्ताव ढोकळा येईपर्यंत मंजूर होत. एक डॉक्टर सदस्य पूर्ण वेळ दवाखान्यातल्या कंपाउंडरशी फोनवर बोलत, दुसरे एक प्राध्यापक 'विज्ञानाची प्रगती थांबवता येत नाही' हे वाक्य दर बैठकीला एकदा म्हणत आणि मग डोळे मिटत. बाईंनी सही केली नाही. कागद घरी नेले आणि पंधरा दिवसांनी प्रत्येकावर पेन्सिलीनं प्रश्न लिहून आणले. मग त्यांनी विचारलं, जनावरं कुठं आहेत? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. इतक्या वर्षांत समितीतलं कुणी, चपला बदलायच्या त्या खोलीच्या पलीकडे गेलेलंच नव्हतं. नियमानुसार पाहणी केल्याचा शेरा मात्र दर वर्षी असायचा. तो मीच लिहायचो.

बाई आत गेल्या. मीही त्यांच्याबरोबर गेलो, आणि सांगायला लाज वाटते, त्या खोलीत मी पण दुसऱ्यांदाच जात होतो. तिथलं काम पाचूबंदरची मार्था बघायची. कोळ्यांच्या घरातली, चाळिशीची, हात मोठे आणि आवाज बारीक. ती पिंजरे धुवायची, खाणं-पाणी बघायची आणि चाचणीच्या वेळी ससे धरून द्यायची. ओळीनं लाकडी खोकी होती, त्यांतून फक्त सशांची डोकी बाहेर. एका डोळ्यात माल घालतात, दुसरा तुलनेसाठी तसाच ठेवतात. बाई प्रत्येक खोक्यासमोर थांबल्या. कपाळाला हात लावला नाही, डोळे पुसले नाहीत. थर्मामीटर वाचलं, पाण्याच्या बाटल्या बघितल्या, मार्थाला विचारलं की पाणी किती वेळा बदलतेस. "दोनदा, बाई. मी सोता बदलते पानी," मार्था म्हणाली. मग बाईंनी विचारलं, "ओरडतात का?" मार्थानं आधी माझ्याकडे बघितलं. ती म्हणाली, "ससा ओरडत नाय बाई कवाच. एकदाच ओरडतो."

बाईंनी तेवढं वाक्य वहीत उतरवून घेतलं. एवढ्या वर्षांत मी केलेल्या सगळ्या अहवालांत मिळून त्या सात शब्दांइतकं खरं काही नव्हतं.

पहिलं वर्षभर साहेबांनी सहन केलं. बाई काही प्रत्येक गोष्टीला नाही म्हणत नसत, हीच साहेबांची अडचण होती. मुलांच्या तापावरच्या एका औषधाच्या चाचणीला त्यांनी बारा प्रश्न विचारून, सशांची संख्या कमी करायला लावून, मंजुरी दिली आणि घरी गेल्यावर दोन दिवस धड जेवल्या नाहीत, असं प्रशांत सांगायचा. मग ते मलम आलं. भेगा पडलेल्या टाचांना लावायचं मलम. सौंदर्यप्रसाधनांची जनावरांवर चाचणी करायला आपल्याकडे बंदी आहे, म्हणून ते 'औषधी' म्हणून आलं होतं. डब्यावर 'वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध' छापायचं होतं. बाईंनी जुन्या फायली मागवल्या आणि चष्मा लावून दिवसभर त्या वाचत बसल्या. त्यांना सापडलं ते असं : हेच मलम याआधी दोनदा, दुसऱ्या नावांनी, आमच्याच खोलीत तपासून झालं होतं. फरक फक्त सुगंधाचा. आता चंदन होतं.

त्या दिवशीची बैठक मला शब्दन् शब्द आठवते, कारण इतिवृत्त लिहायचं काम माझं होतं. बाईंनी विचारलं की टाचेला लावायचं मलम डोळ्यात कशासाठी घालायचं. साहेब म्हणाले, "मॅडम, समजा कोणी बाय मिस्टेक डोळ्यात घातलं तर?" बाई म्हणाल्या, "मग डब्यावर लिहा, डोळ्यात घालू नये." डॉक्टरसाहेब फोन बाजूला ठेवून हसले, मग कुणी हसत नाही म्हणून थांबले. बाईंनी पुढे विचारलं, दोनदा कळलेल्यातून तिसऱ्यांदा नवं काय कळणार आहे? साहेबांनी बाण काढला. जेवणाआधी बाई शेजारच्या खोलीत जाऊन इन्सुलिनचं इंजेक्शन घेतात हे त्यांनी कधीतरी पाहून ठेवलं होतं. खुर्चीत मागे रेलून, सगळ्यांकडे बघत ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही रोज इन्सुलिन घेता ना? ते कसं आलं माहीत आहे?" आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू आलं... कोर्टात पहिल्यांदाच केस जिंकलेल्या वकिलासारखं.

बाई शांतपणे म्हणाल्या, "घेते. दिवसातून दोनदा. ते कसं आलं हे मी पंचवीस वर्षं शिकवलं. कुत्र्यांच्या जिवावर आलं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं आणि मी त्यांच्यामुळे इथे बसले आहे, हे मी एकही दिवस विसरत नाही. म्हणून तर विचारते आहे. त्या कुत्र्यांची नावं पुढे करून तुम्ही टाचांचं मलम विकू नका."

मग त्यांनी आपला विरोध सांगितला आणि मला म्हणाल्या, लिहून घे. वाक्य असं होतं : 'ज्या चाचणीतून नवं काही कळणार नाही, ती चाचणी नसून नुसता छळ आहे, आणि माझा तिला विरोध आहे.' मी ते माझ्या कच्च्या वहीत लिहून घेतलं. आज इथे छापून देतो आहे, कारण तेव्हा दिलं नाही. संध्याकाळी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले की इतिवृत्त नेहमीसारखं कर. मी नेहमीसारखं केलं. 'सविस्तर चर्चेअंती प्रस्ताव सर्वानुमते मंजूर.' कुणी बंदूक लावली नव्हती, कुणी धमकी दिली नव्हती. निवृत्तीला चार वर्षं होती आणि मला कटकट नको होती, एवढंच. मोठ्या पापांना मोठी कारणं असतात असं लोकांना वाटतं. माझं कारण टाचेच्या मलमाएवढंच होतं.

इतिवृत्ताची प्रत बाईंना पोचली. त्यांनी फोन केला. "हे तू लिहिलंस?" मी हो म्हटलं. "बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यानंतर त्यांनी स्वतःच्या अक्षरात तीन पानी पत्र लिहून देखरेख करणाऱ्या वरच्या कार्यालयाला पाठवलं. त्याआधी एकदाच त्यांनी प्रशांतकरवी माझ्याकडे ती कच्ची वही मागितली. मी सांगितलं, सापडत नाही. वही माझ्या टेबलाच्या खणात होती.

महिन्याभरानं तपासनीस बाई आल्या. साहेबांनी नवे पडदे लावले होते; ज्या इमारतीला खिडकी नाही तिथे पडदे कशावर लावले हे मला अजून कळलेलं नाही. सगळ्यांची विचारपूस झाली. डॉक्टरांना काही आठवत नव्हतं, प्राध्यापकांनी विज्ञानाच्या प्रगतीचं वाक्य म्हटलं, मी इतिवृत्ताकडे बोट दाखवलं. मग तपासनीस बाईंनी मार्थाला विचारलं. मार्थाला लिहिता येत नव्हतं, पण मोजता येत होतं. कुठल्या महिन्यात कुठल्या डब्यातलं मलम किती सशांना घातलं, तिन्ही वेळचं, तिनं बोटांवर मोजून सांगितलं. वासावरून सांगितलं : पहिलं गुलाबाचं, दुसरं लिंबाचं, आताचं चंदनाचं. फायली तिच्याशी तंतोतंत जुळल्या. आम्ही दहा-बारा शिकलेले लोक त्या खोलीत उभे होतो.

चाचणी थांबवायचा आदेश आला. तोवर अर्ध्या सशांवर ती होऊन गेली होती. मार्थाची नोकरी गेली. तिला 'शिस्तभंग' हा शब्द ऐकवला गेला, आणि तो शब्दही मीच शोधून दिला होता. बाईंना 'कार्यकाळ पूर्ण झाल्याबद्दल आभार' असं पत्र गेलं आणि त्यांच्या जागी साहेबांच्या पत्नीच्या योगवर्गातल्या एक बाई आल्या. त्या बैठकीच्या सुरुवातीला सर्व प्राणिमात्रांसाठी दोन मिनिटं ध्यान करायला लावत. मग ढोकळा. मलमवाल्या कंपनीनं आपलं काम दुसऱ्या कुठल्या तरी प्रयोगशाळेकडे नेलं. आज ते मलम आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतं, चंदनाच्या वासाचं. डब्यावर हिरवं पान आहे आणि उडी मारणारा ससा आहे. खाली लिहिलं आहे : 'आम्ही प्राण्यांवर चाचणी करत नाही.' खरं आहे. ते करत नाहीत, करवून घेतात.

जे ससे उरले त्यांतले बरेचसे एका संस्थेनं नेले. चार राहिले होते, त्यांतल्या एकाचा डोळा दुधी झालेला. ते बाई गिरीजला घेऊन गेल्या. पडवीच्या शेजारी प्रशांतनं बांबूचं आणि जाळीचं खोपट केलं. बाईंनी त्यांना नावं ठेवली नाहीत, मांडीवर घेतलं नाही. सकाळ-संध्याकाळ पाणी बदलायच्या, केळीच्या पानाचे तुकडे आणि मुळ्याचा पाला घालायच्या आणि आपल्या कामाला लागायच्या. वसईतला एक उत्साही पत्रकार आला आणि त्यानं 'सशांची आई' असा मथळा दिला. बाईंनी तो कागद चार घड्या करून खोपटाखाली पसरला. मला म्हणाल्या, "आई कसली? मी घेणाऱ्यांतली आहे."

हो, मला म्हणाल्या. मी जात होतो. निवृत्त झाल्यावर एक दिवस धीर करून गेलो. बाईंनी ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. साखरेच्या आजारानं त्यांची नजर उतरत चालली होती आणि सिरिंजवरचे आकडे दिसत नव्हते. त्यांनी बाटली माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, "अठरा." मी अठराचा डोस भरून दिला. तेव्हापासून रोज सकाळी सातला मी जायचो, संध्याकाळचा डोस प्रशांत भरायचा. तीन वर्षं गेलो. मार्था रविवारी यायची. ती आता पाचूबंदरलाच लिलावातून मासळी उचलून विकते. ती बाईंसाठी पापलेट आणायची आणि माझ्याशी बोलायची नाही. बाई आमच्यामध्ये पडल्या नाहीत. ते त्यांचं काम नव्हतं.

गेल्या वर्षी त्यांनी देहदानाचा अर्ज भरला. वैद्यकीय महाविद्यालयाला आपलं शरीर मुलांना शिकायला द्यायचं. घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी अग्नीशिवाय गती कशी मिळणार म्हणून बराच वाद घातला. बाई ऐकून घेत होत्या. ते गेल्यावर मला म्हणाल्या, "त्या सशांना कुणी विचारलं नाही. मला विचारलंय, आणि मी हो म्हणतेय. फरक असतो तो एवढाच, दिलीप." मग साक्षीदाराच्या जागेवर बोट ठेवून म्हणाल्या, "इथे तू सही कर. चालेल तुझी. या कागदावर खोटं काही नाही." त्या इतिवृत्ताचा उल्लेख त्यांनी माझ्यासमोर केला तो हा एकदाच. मी सही केली.

त्या गेल्या त्या दिवशी दुपारपर्यंत महाविद्यालयाची गाडी येऊन गेली. चिता नाही, दहावं नाही. त्यानंतर तासाभरानं कंपनीची गाडी आली. ड्रायव्हरनं झेंडूचं पुष्पचक्र उतरवलं. मधल्या सोनेरी पट्टीवर कंपनीचं नाव मोठं आणि बाईंचं बारीक. ते कुठं ठेवायचं हे त्या बिचाऱ्याला कळेना. मार्था आली होती. तिनं त्याच्या हातातून ते घेतलं, पट्टी आणि तार ओढून काढली आणि झेंडू खोपटात टाकला. चारही सशांनी तो संध्याकाळपर्यंत संपवला. साहेबांच्या हातून त्या सशांना मिळालेली ती पहिली चांगली गोष्ट, आणि तीही त्यांना माहीत नाही.

बारा दिवसांनी प्रशांतनं मला बोलावलं. फ्रिज आवरायचा होता. दाराच्या वरच्या कप्प्यात, जिथं इतर घरांत लिंबं असतात, तिथे बाईंच्या इन्सुलिनच्या तीन बाटल्या होत्या, सीलबंद, प्रत्येकीवर त्यांनी जाड पेनानं मोठ्या अक्षरांत मुदतीची तारीख लिहिलेली. प्रशांत म्हणाला, आता टाकूनच द्यायच्या ना? रविवारची सकाळ होती. मार्था ओसरीवर बसली होती, तिनं ऐकलं. ती आत आली आणि पदराला हात पुसून एक बाटली उचलून उजेडात धरली. अक्षरं तिला वाचता येत नव्हती, तिनं ती माझ्यापुढे धरली. तीन वर्षांत ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली.

"वाच. माज्या सासूचंच अवशद हाय का ह्ये?" तिनं पिशवीतून डॉक्टरांचा कागद काढून दिला. मी नाव ताडून बघितलं. तारीख बघितली. मग घाई न करता दुसऱ्यांदा बघितलं, कारण आता चूक चालणार नव्हती. तेच होतं. मी तसं सांगितलं.

मार्थानं मासळीचा थर्माकोलचा डबा आणला. बाटल्या बर्फात गोठायला नकोत म्हणून आधी फडक्यात गुंडाळल्या, मग केळीच्या पानात, आणि बर्फापासून वेगळ्या कोपऱ्यात उभ्या ठेवल्या. डबा डोक्यावर घेऊन ती वाडीतून रस्त्याला लागली. प्रशांतनं फ्रिजचा तो कप्पा पुसला आणि दार लावून घेतलं. मी पडवीत आलो. साडेसात झाले होते, आणि सशांचं पाणी अजून बदलायचं होतं.